थंड तिजोरीची तिसरी चावी

जगभर पसरलेली कंपनी म्हटलं की तिची कुठेतरी काचेची उंच इमारत असेल, खाली कारंजं उडत असेल, असं लोकांना वाटतं. थोरल्याच्या कंपनीला साधी पाटीसुद्धा नव्हती. तिची माणसं तीसेक देशांत विखुरलेली होती आणि जो तो आपापल्या घरच्या टेबलावर बसून काम करत होता. "तुमची कंपनी आहे तरी कुठे?" असं कुणी विचारलं की थोरला दोन्ही हात पसरून म्हणायचा, "सगळीकडे!" त्याच्या बायकोला कंपनीतले झाडून सगळे वहिनीच म्हणत. ती म्हणायची, "सगळीकडे म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर. चार वायरी उचलल्याशिवाय ताट ठेवता येत नाही."

धंदा म्हटला तर अडत्याचा. इंटरनेटवर चालणारी नाणी, म्हणजे क्रिप्टो, कुणाला विकायची असतात, कुणाला घ्यायची असतात. दोघांची गाठ घालून द्यायची आणि मधल्यामध्ये चिमूटभर दलाली ठेवून घ्यायची. पोती नाहीत, तराजू नाही, आरडाओरडा नाही. मात्र गिऱ्हाइकांनी विश्वासानं ठेवलेली नाणी सांभाळावी लागतात. त्यांतली बहुतेक कंपनीनं इंटरनेटपासून तोडून, चोराचा हात पोचणार नाही अशी ठेवली होती. त्या साठ्याला सगळे थंड तिजोरी म्हणत.

ह्या तिजोरीला चार चाव्या होत्या. चावी म्हणजे अंगठ्याएवढं एक यंत्र. ते बिघडलं तर नव्या यंत्रात तीच चावी पुन्हा उभी करता यावी म्हणून प्रत्येक चावीचे चोवीस साधे इंग्रजी शब्द असत. चारांपैकी कुठल्याही तीन चाव्या जमल्या की तिजोरी उघडायची. दोन जमल्या तर ढिम्म हलायची नाही. एक चावी थोरल्याकडे, एक वहिनीकडे, एक थोरल्याच्या आत्याकडे आणि एक धाकटीकडे. धाकटी म्हणजे थोरल्याची बहीण. चारही चाव्या तिनेच बनवल्या होत्या, पण ती कंपनी सोडून गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून भाऊ-बहिणीत शब्द नव्हता. तिजोरीत भर टाकायला चावी लागत नाही, आणि काढायची वेळ कधी आली नाही. त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

ते आता अडलं. नव्या कायद्यानं कंपनीला परवाना घ्यायचा होता, आणि परवाना देणाऱ्यांचं म्हणणं असं की लाखो लोकांची ठेव घरच्या माणसांच्या पर्समध्ये आणि कपाटात राहता कामा नये. जुनी तिजोरी उघडा, सगळी नाणी नव्या तिजोरीत हलवा, चाव्या नेमलेल्या राखणदारांकडे द्या. मुदत शुक्रवारची. नाही जमलं तर परवाना नाही आणि कंपनीला टाळं. त्याहून वाईट म्हणजे, तिसरी चावी कधीच मिळाली नाही तर लोकांची नाणी जन्मभर आतच.

"तीनच हव्यात ना?" थोरला बोटं मोजत म्हणाला. "मी, तू आणि आत्या. झालं की!"

"आणि धाकटी?"

"तिला कशाला उगाच त्रास?"

"तिला त्रास की तुला?" वहिनीनं विचारलं. थोरल्याला एकदम एका देशातून फोन आला.

सोमवारी सगळे एका भाड्याच्या खोलीत जमले. खोलीला खिडकी नव्हती. फोन दारातल्या ट्रेमध्ये काढून ठेवायचे होते, नव्या गालिच्याला गोंदाचा वास येत होता आणि कोपऱ्यात तीन पायांवर कॅमेरा उभा होता. परवान्यासाठी नेमलेल्या ऑडिटरबाई टेबलाच्या टोकाशी बसल्या होत्या. बोलताना त्यांचा आवाज वरही जात नसे आणि खालीही येत नसे.

"आधी कंपनीची पार्श्वभूमी वाचते," त्या म्हणाल्या. "प्रत्येक चावीधारकानं ती ऐकून खरी असल्याचं सांगायचं. मगच चावी."

पार्श्वभूमी थोरल्यानेच लिहिलेली होती आणि कंपनीच्या वेबसाइटवर पहिल्या पानावर होती. स्टेजवर तो ती म्हणायचा तेव्हा लोकांच्या अंगावर काटा यायचा. ऑडिटरबाईंच्या तोंडून ती पोस्टाच्या नियमांसारखी बाहेर पडली. "एक खोली. एक माणूस. एक स्वप्न. सुरुवातीच्या दिवसांत कच्च्या प्रोग्रॅममुळे बाहेरून हल्ला झाला. संस्थापकांनी एकट्यानं दिवसभर झुंज देऊन कंपनी वाचवली. खरं आहे?"

"खरं," थोरला म्हणाला.

"माझं लग्न त्यानंतरचं," वहिनी म्हणाली. "माझ्या माहितीप्रमाणे खरं."

"तो म्हणतो तर असेल," आत्या म्हणाली. "लहानपणापासून एकटाच बोलतो."

थोरल्याची चावी लागली. वहिनीची लागली. आत्यानं पर्समधून चष्म्याची डबी काढली, डबीतून रुमाल, रुमालातून यंत्र. ऑडिटरबाईंनी ते जोडलं आणि त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली.

"हे यंत्र कोरं आहे. पूर्ण पुसलं गेलंय. कुणी चुकीचा आकडा घातला होता का?"

"चुकीचा नाही हो," आत्या म्हणाली. "धूळ पुसायला काढलं तर ते आकडे मागायला लागलं. मी दाराचे दिले. मग फोनचे दिले. मग माझी जन्मतारीख दिली. त्यावर ते आपणहून गप्प बसलं. मला वाटलं, पटलं त्याला."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण वहिनीनं त्याचा दंड दाबला. "शब्द आहेत ना, आत्या? चोवीस?"

"नसायला काय झालं!" आत्यानं पर्सच्या दुसऱ्या कप्प्यातून स्टीलची जाड पट्टी काढून टेबलावर ठेवली. पट्टीत खाचा होत्या आणि खाचांमध्ये एकेक अक्षर सरकवून शब्द बसवलेले होते, एका ओळीत, एका रेषेत. आत्यानं आयुष्यभर ग्रंथालय सांभाळलं होतं आणि ते त्या पट्टीकडे बघूनच कळत होतं. "धाकटीनं कागदावर लिहून दिले होते. म्हणाली, पट्टीत बसव आणि कागद नष्ट कर. मी बारीक तुकडे केले आणि भिजवून लगदा केला."

ऑडिटरबाईंनी शब्द एकेक करून नव्या यंत्रात घातले. यंत्रानं नकार दिला. त्यांनी पुन्हा घातले. पुन्हा नकार. मग त्यांनी पट्टी जवळ घेतली, वरून खाली बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज किंचित हलला.

"हे शब्द अकारविल्हे लावलेले आहेत."

"मग?" आत्या म्हणाली. "तिनं दिले तेव्हा काय पसारा होता! आधी छत्री, मग भोपळा, मग मधेच खार. मी म्हटलं, ऐन वेळी शोधायचा म्हटला तर शब्द सापडणार कसा? ए पासून झेडपर्यंत नीट लावून टाकले."

ज्या क्रमानं शब्द दिले होते त्या क्रमातच चावी होती. शब्द नुसते खुणेपुरते होते.

"सगळे क्रम लावून बघितले तर?" वहिनीनं चिवटपणे विचारलं.

"तुमच्याकडच्या यंत्रांनी आपल्या हयातीत होणार नाही," ऑडिटरबाई म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत तर विषयच नाही. चौथे चावीधारक कोण आहेत?"

बाहेर आल्यावर वहिनीनं ट्रेमधला फोन उचलून थोरल्यापुढे धरला. "लाव."

"कुणाला?"

"पंतप्रधानांना! अरे, तुझ्या बहिणीला."

"फोनवर नको. ती उचलणार नाही."

"मग जा. अडला हरी..."

"पुढची म्हण नको पूर्ण करूस."

"पुढच्यात ती गाढव ठरते, म्हणून मीच थांबले," वहिनी म्हणाली. आत्या मात्र मागे राहिली होती. ती ऑडिटरबाईंना विचारत होती की तुमच्या कचेरीतल्या फायली कशा लावता.

धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करायची. देशातल्या कारखान्यांची, औषधवाल्यांची, सोनारांची प्रमाण वजनं तिथे तपासायला येत आणि हे वजन एक किलो आहे की नाही, हे तिच्या सहीनं ठरत असे. मंगळवारी थोरला पोचला तेव्हा ती दगडी ओट्यावरच्या काचेच्या पेटीसमोर बसली होती. पेटीत एक चकचकीत वजन होतं. धाकटीच्या हातात मोजे, तोंडावर पट्टी. तिनं त्याच्याकडे पाहिलं, बोटानं कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं.

थोरला बसला. पाण्याचा घोट न घेता तासभर बोलू शकणारा माणूस तो. शांत बसायचं म्हणजे त्याच्या नाकी नऊ आले. त्यानं पाय हलवला तर पेटीवरचे आकडे हलले. त्यानं सुस्कारा टाकला तर धाकटीनं मान न वळवता हात वर केला. आकडे स्थिरावायला इतका वेळ लागला की तेवढ्यात त्यानं मनातल्या मनात चार वेगवेगळी भाषणं तयार केली आणि चारही मोडीत काढली.

शेवटी तिनं आकडा टिपला, पट्टी खाली ओढली आणि म्हणाली, "बोल. वजन झालं."

"कशी आहेस?"

"दादा, वहिनीचा मेसेज आला सकाळीच. आत्यानं काय केलं ते कळलं." तिचा चेहरा गंभीर होता, पण खांदे हलत होते. "खार आणि छत्री!"

"हसू नकोस गं. लाखो लोकांचा प्रश्न आहे."

"हसत नाहीये. चावी आहे माझ्याकडे. शब्दही आहेत. ज्या क्रमानं असायला हवेत त्या क्रमानं."

थोरल्याच्या जिवात जीव आला. "मग उद्या येतेस?"

"येईन. पण तिथे पार्श्वभूमी वाचतात म्हणे. ती खरी आहे असं सांगावं लागतं."

"ती काय, नुसती रीत असते."

"तुझ्यासाठी असेल." तिनं मोजे काढून घडी करून ठेवले. "मी दिवसभर इथे काय करते, माहीत आहे? हे वजन एक किलो आहे असं लिहून देते. मी लिहिलं की ते असतं. जे नाही ते आहे म्हणायचं असेल तर मला हे काम सोडावं लागेल. तुझी पार्श्वभूमी मी वाचलीय. तिला मी हो म्हणणार नाही. आणि मी हो म्हटल्याशिवाय त्या बाई माझी चावी घेणार नाहीत. म्हणजे काय करायचं ते तूच बघ."

थोरल्यानं लगेच पवित्रा बदलला. "तुझं नाव टाकतो. 'एक माणूस'च्या जागी 'दोन भावंडं' करतो. फोटोही टाकतो, आपला दोघांचा, दुकानातला."

"फोटो नको."

"मग हिस्सा..."

"दादा." तिनं नुसतं म्हटलं आणि तो थांबला.

खरी गोष्ट अशी होती. त्यांच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं आणि वडील गेल्यावर ते थोरला चालवायचा. धाकटी तेव्हा भौतिकशास्त्र शिकत होती आणि दुकानामागच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर असायचा. आत्याच्या ग्रंथालयातल्या वाचकांना आपापसांत पुस्तकं बदलायची असत. कुणाकडे कुठलं आहे, कुणाला कुठलं हवंय, ह्यांची गाठ घालणारा एक प्रोग्रॅम धाकटीनं आत्यासाठी लिहिला. थोरल्यानं तो पाहिला, चिमटीत भिंग तसंच धरून बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, "पुस्तकांच्या जागी नाणी घातली तर?" हे डोकं त्याचंच, ते धाकटीनंही कधी नाकारलं नाही. पुढे कंपनी आली, दुकान गेलं, थोरला स्टेजवर गेला. 'एक खोली, एक माणूस' ऐकून ती नुसती हसायची. म्हणायची, बोलू दे, त्याच्या बोलण्यावर गिऱ्हाइकं येतात.

मग एकदा, हजारभर लोकांसमोर, त्यानं ती हल्ल्याची गोष्ट सांगितली. कंपनीच्या अगदी सुरुवातीला एकदा तिचा नाण्यांचा बाजार दुपारभर बंद पडला होता. थोरला म्हणाला, प्रोग्रॅम कच्चा होता, बहीण लहान होती, कुठून तरी हल्ला झाला आणि मी एकटा लढलो. धाकटी तिसऱ्या रांगेत बसली होती. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला.

कारण त्या दुपारी हल्ला झालाच नव्हता. थोरल्यानं कॉम्प्युटरचा प्लग काढला होता. कॉलेजातून आल्यावर तो जमिनीवर पडलेला तिलाच दिसला होता, आणि हे त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

"माझा प्रोग्रॅम पडला नव्हता," धाकटी आता म्हणाली. "एकदाही नाही. तुला सगळं श्रेय हवं होतं ना, घे. पण नाचता येईना म्हणून माझं अंगण वाकडं केलंस."

"बरं, चुकलं. कबूल. प्रोग्रॅम चांगला होता. झालं?"

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे."

"म्हणजे तिथे सांगू? कॅमेऱ्यासमोर? अगं, परवाना देणाऱ्यांना कळलं की मी इतकी वर्षं खोटं बोलत आलो, तर नाणी बाजूलाच राहतील, ते मलाच बाहेर हलवतील!"

"असेल." तिनं पेटीत दुसरं वजन ठेवलं आणि पट्टी पुन्हा वर चढवली. "गुरुवारी येते. आता गप्प बस, नाहीतर जा. तू श्वास घेतोस तोही ह्याला कळतो."

घरी परतताना थोरला वाटभर त्या दुपारचा विचार करत होता. गंमत अशी की इतक्या वेळा सांगून सांगून त्याला ते हल्लेखोर आता दिसायचे. त्यांचे चेहरे होते, त्यांतल्या एकाला तर दाढी होती. प्लग आठवायला त्याला कष्ट पडले.

गुरुवारी तीच खोली, तोच गोंदाचा वास. धाकटी आली, तिनं आत्याच्या पाया पडून घेतलं आणि आत्यानं तिच्या पाठीत धपाटा घातला. "पसाऱ्यात शब्द देतेस आणि वर सांगत नाहीस!"

"सांगितलं होतं, आत्या. क्रम बदलू नकोस म्हणाले होते."

"ते मी पुस्तकांबद्दल समजले."

"तुझ्याकडे पुस्तकं कुठली दिली होती तेव्हा?"

"भांडणं नंतर," वहिनी म्हणाली आणि तिनं धाकटीसाठी खुर्ची ओढली, नेमकी थोरल्याच्या शेजारची. धाकटीनं यंत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर पंजा ठेवून बसली.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. ऑडिटरबाईंनी वाचायला घेतलं. "एक खोली." धाकटीनं डोळे मिटले. "एक माणूस." आत्या खोकली. "एक स्वप्न. सुरुवातीच्या दिवसांत कच्च्या प्रोग्रॅममुळे..."

"थांबा जरा," थोरला म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. एरवी माणसांनी त्याच्याकडे पाहिलं की त्याला जोर चढायचा. आज त्यानं पाण्याचा घोट घेतला, ग्लास ठेवला, पुन्हा उचलला.

"तो भाग... बरोबर नाहीये. प्रोग्रॅम कच्चा नव्हता."

"मग हल्ला कशामुळे झाला?"

"हल्ला झाला नाही."

"झुंज?"

"झुंजही नाही." तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. "मी प्लग काढला होता. कॉम्प्युटरचा. आणि माझ्या लक्षातच आलं नाही. लोकांचे फोन यायला लागले, बाजार बंद पडलाय म्हणून, तर मी त्यांना सांगत होतो की आम्ही युद्धपातळीवर प्रयत्न करतोय. मग ही आली आणि हिनं प्लग लावला."

वहिनीनं तोंडावर हात धरला. हसू दाबायला की आणखी कशाला, ते कळायला मार्ग नव्हता. ऑडिटरबाईंनी चष्मा काढला.

"कसला प्लग?"

"साधा. भिंतीतला."

"मी गेले तीन आठवडे तुमचा हा हल्ला शोधते आहे," त्या म्हणाल्या. आवाज तोच, ना वर ना खाली, पण शब्द जास्त होते. "माझी दोन माणसं फक्त त्यावर बसली आहेत. कुणी केला, कुठून आत शिरले, काही ठावठिकाणा नाही. जो हल्ला सापडत नाही तो पुन्हा होणार असंच मला धरावं लागतं. तुमच्या परवान्याआड सगळ्यात मोठा धोंडा तो होता."

"मग आता?"

"आता तो प्लग झाला." त्यांनी ओळीवर रेघ मारली. "तुमच्या खोटं बोलण्याबद्दल मला वेगळं लिहावं लागेल, आणि त्याबद्दल तुम्हाला बोलावतील. चांगली कानउघाडणी होईल. पण प्लग आम्हाला समजतो."

थोरल्यानं खुर्चीत अंग सैल सोडलं. त्याला वाटलं, आता धाकटी चावी लावेल. पण ती त्याच्याकडेच बघत होती, डोकं तिरकं करून, आकडा अजून स्थिर झालेला नसावा तशी.

"तू प्लग काढलास कशाला पण?" तिनं विचारलं. "ते मला कधी कळलं नाही. मी म्हटलं, चहाची किटली लावली असशील."

"किटली नव्हती."

"मग?"

"काही नाही गं. लाव ना चावी."

"इथे सगळं खरं सांगायचंय म्हणे," आत्या म्हणाली. "सांग की. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?"

थोरल्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "एक बाई आली होती दुकानात. शाळेची गाडी चालवायची. चष्म्यावर बसली होती, दोन्ही काचा फुटलेल्या. दुपारी मुलांना घरी सोडायचं होतं आणि तिला समोरचा हातसुद्धा दिसत नव्हता. उजवा उणे सव्वासहा, डावा उणे साडेपाच, वर सिलिंडरचा नंबर. तयार भिंगं मिळण्यासारखी नव्हती. घासायचं यंत्र लावायला दुसरी जागाच नव्हती, तुझ्या कॉम्प्युटरनं सगळा बोर्ड अडवला होता. मी हाताला लागला तो प्लग ओढला."

"इतकी वर्षं झाली," धाकटी म्हणाली, "आणि नंबर पाठ आहेत तुला?"

"कठीण नंबर होता."

"मग हे का नाही सांगितलंस तेव्हा स्टेजवर?"

"हजार लोक आले होते! कसले कसले लोक, कुठून कुठून. त्यांना काय सांगू, की बाजार बुडत होता तेव्हा मी चष्मा करत होतो? त्यात मी चष्मेवाला दिसतो."

"आहेसच तू चष्मेवाला," धाकटी म्हणाली. "चांगला होतास. बाबा म्हणायचे."

"हे लिहायचं?" ऑडिटरबाईंनी विचारलं.

"लिहा," धाकटी म्हणाली. "नंबरासकट."

"नंबर गोपनीय असतो," थोरला घाईघाईनं म्हणाला. "गिऱ्हाइकाचा."

ऑडिटरबाईंनी नंबर वगळून लिहिलं. मग वाचून दाखवलं. एक चष्म्याचं दुकान. मागे एक खोली. पुस्तकांच्या अदलाबदलीसाठी बहिणीनं लिहिलेला प्रोग्रॅम, त्यात नाणी घालायची भावाची कल्पना. एकदा दुपारभर बाजार बंद, कारण प्लग. कारण भिंग घासायचं यंत्र. कारण शाळेची गाडी. ऐकायला मुळीच भारदस्त नव्हतं. थोरल्यानं हो म्हटलं. वहिनीनं म्हटलं. आत्या म्हणाली, "ग्रंथालयाचं नाव घातलं असतंत तर बरं झालं असतं," आणि मग तिनंही म्हटलं.

"हो," धाकटी म्हणाली. "खरं आहे."

थोरल्याची चावी लागली, वहिनीची लागली. धाकटीनं यंत्र जोडलं. बारक्या पडद्यावर प्रश्न आला, नक्की का, म्हणून. तिनं दोन्ही बटणांवर बोटं ठेवली, पण दाबली नाहीत.

"झाला का तो वेळेत? चष्मा?"

"झाला. गाडी सुटायच्या आत. नाकावर जरा सैल बसत होता. मी म्हटलं, परत या, नीट करून देतो." थोरल्यानं टेबलावरची नसलेली धूळ झटकली. "मग आपण दुकानच बंद केलं."

धाकटीनं बटणं दाबली.

पडद्यावर बारीक अक्षरांची ओळ सरकू लागली. जुन्या तिजोरीतून नव्या तिजोरीत, लाखो लोकांची ठेव, कसलाही आवाज न होता. "तिसरी चावी लागली," ऑडिटरबाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, आणि आत्यानं जोरात टाळी वाजवली. टाळी नियमात बसत नव्हती, पण ती रेकॉर्डिंगमधून पुसायला कुणी सांगितलं नाही.